हिवरडीच्या ओट्यावरची हाक

पाहुणेमंडळी, चपला काढा आणि या ओट्यावर बसा. नाटक खाली अंगणात होणार आहे. नवीन माणूस इथे हमखास घोटाळतो. मागे एक प्राध्यापक आले होते. ही नव्या रंगभूमीची चळवळ आहे, नट आणि प्रेक्षक यांच्यातली भिंत पाडण्याचा प्रयोग आहे, असं त्यांनी आम्हाला तासभर समजावलं. आम्ही माना डोलावल्या आणि त्यांना चहा पाजला. पण हिवरडीत वेगळंच सांगतात.

पूर्वी भैरोबाच्या यात्रेचं नाटक या दगडी ओट्यावरच व्हायचं. राजाराणीचं, रंगवलेल्या पडद्यांचं. राणी नेहमी महादू लोहार. शालू नेसला की छान दिसायचा म्हणे, फक्त हात उचलला की घण घालतोय असं वाटायचं. मग शाळेवर तांबवेकर मास्तर बदलून आले. शहरात नवी नाटकं पाहून त्यांना एकच वेड लागलं होतं, की साध्या माणसांचं दुःख नाटकात यावं. त्यांनी स्वतःच एक लिहिलं. सासरहून हाकललेली बाई माहेरच्या दाराशी येते आणि दार उघडत नाही, एवढीच गोष्ट. हे काम बाईनंच करायचं, असा त्यांचा हट्ट. कुंभारवाड्यातली गजरा तयार झाली. माती मळता मळता तिनं सगळं पाठ केलं.

ते जिवबा पाटलांच्या कानावर गेलं. ओटा देवाचा, त्यावर बाई चढली तर यात्रेचं नाटक कायमचं बंद, असं त्यांनी बजावलं. मास्तर हताश होऊन काम पुन्हा लोहाराला द्यायला निघाले. दोन महिन्यांची मेहनत जाणार म्हणून गजरा ढसाढसा रडली, आणि मग डोळे पुसून थेट पाटलांसमोर जाऊन उभी राहिली.

"तुमी बोलावल्याबिगर मी या ओट्याला पाय लावणार न्हाई, भैरोबाची आण," ती म्हणाली. "मी खाली नाटक करते. तुमी समदी वर बसा."

भैरोबाचीच आण घातल्यावर पाटलांनी खाली नाटक करायला होकार दिला.

यात्रेच्या दिवशी ऊन कलल्यावर गावातले पुरुष ओट्यावर बसले, बायका भिंतीकडेला. शेवटच्या प्रवेशात गजरा या पायरीशी येऊन थांबली आणि दार उघडा म्हणाली. नाटकात त्यावर कुणी काही बोलायचं नव्हतं. ती नुसती वर बघत उभी राहिली. समोर दोन हातांवर पाटील बसलेले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या लेकीला, सुंदराला, असंच उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं, लोक काय म्हणतील म्हणून. गावाला ते ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं. मास्तर नवे, त्यांना ठाऊक नसणार. काही जण म्हणतात, होतं.

पाटील उठून उभे राहिले.

"ये गं लेकी," ते म्हणाले. "वर ये."

गजरा पायरी चढली आणि त्यांच्या शेजारी बसली. नाटकाचा शेवट कसा होता ते मग कुणी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच पाटलांची बैलगाडी सुंदराला आणायला गेली.

आजही हिवरडीत नाटक खाली होतं आणि बाया-पुरुष सगळे वर बसतात. आमच्याकडे पडदा नाही. शेवटी नट या पायरीशी येऊन थांबतात, आणि ओट्यावरचं सर्वांत वयस्कर माणूस त्यांना वर बोलावतं, तेव्हा नाटक संपतं. एका वर्षी पाहुण्यांना हे सांगायचंच राहिलं. ते टाळ्या वाजवत बसले आणि आमची नटी बिचारी खाली ताटकळत उभी.

आजी, आज वयानं तुम्हीच मोठ्या दिसता. तेव्हा हाक तुम्ही मारायची, लाजू नका. त्या बैलगाडीतून परत आलेली सुंदरा माझी आजी. तिला ही हाक ऐकायला दोन वर्षं लागली. तुम्ही उशीर करू नका.