अस्वलाचा बंद ट्रेलर

जंगलातल्या जत्रांमध्ये फटफटीचे खेळ चालत, त्या काळातली ही गोष्ट. झिपरू नावाचं अस्वल दोन फटफट्या एका लहानशा बंद ट्रेलरमध्ये घालून जत्रेजत्रेत खेळ करी. डोळे अधू झाले तसा त्यानं खेळ सोडला, फटफट्या विकल्या आणि ट्रेलरही विकायला काढला.

त्याच आठवड्यात कुरणातून शेळ्यांची दोन करडं नाहीशी झाली होती.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते तरस. झिपरूनं आपणहून सांगितलं, "डावं चाक घासलंय आणि छप्पर एका कोपऱ्यात गळतं."

"चालेल," तरस म्हणालं. त्यानं चाकाकडे पाहिलंही नाही. "आतला आवाज बाहेर येतो का, तेवढं सांगा. मागाल ती किंमत देतो."

झिपरूच्या मनात पाल चुकचुकली. पण नुसत्या संशयावरून कुणाला चोर कसं म्हणायचं?

"तुम्हाला फटफटीच न्यायची ना?" त्यानं विचारलं.

"तर! दुसरं काय?"

"मग आत चढा आणि ती कशी बांधाल ते दाखवा. नीट बांधली नाही तर वाटेत आडवी होते."

तरस आत चढलं. भिंतीतल्या लोखंडी कड्या पाहून ते खूश झालं. "सोपं आहे. चारही पाय या कड्यांना आवळायचे, की हलायचं नाव नको!"

झिपरूनं बाहेरून दाराला अडसर घातला आणि ट्रेलर ओढत थेट कुरणावर नेला.

"गोदाबाई," त्यानं म्हाताऱ्या शेळीला हाक मारली, "तरसाच्या गुहेवर आता पहारा नाही. चला लवकर."

दोन्ही करडं गुहेत सापडली, भेदरलेली पण जिवंत. त्यांना आईच्या कुशीत पोचवूनच झिपरू घरी गेला. ट्रेलर काही त्या दिवशी विकला गेला नाही.