एकाच वाटेने दोघी

आभाळात उपग्रह नुकतेच राहायला आले होते, तेव्हाची गोष्ट. एका गरीब बेटाच्या उपग्रहाकडून खाली बेटावर उतरायची एकच वाट होती, एका वेळी एकाच लहरीपुरती. तिथे दोन रेडिओलहरी अडल्या. थोरलीजवळ वादळाचा इशारा होता, धाकटीजवळ आजारी मुलासाठी डॉक्टरांचा सल्ला.

“ताई, मी थांबते,” धाकटी रडवेली होऊन म्हणाली.

“आणि तो मुलगा थांबेल का गं?”

उपग्रह हळूच म्हणाला, “पोरींनो, दोघीही निघा. एकीने उभं डोलायचं, एकीने आडवं.”

दोघी भीतभीत निघाल्या. निळ्या शांततेत त्या एकमेकींच्या अंगातून वाहत गेल्या, पण एकीचा शब्दही दुसरीत मिसळला नाही. बेटावरच्या उभ्या आणि आडव्या तारांनी आपापली लहर ओळखून झेलली.

होड्या किनाऱ्याकडे वळल्या. संध्याकाळी मुलाने डोळे उघडले आणि आईकडे पेज मागितली.