कललेला राजवाडा

एका राज्यात, पश्चिम समुद्रातल्या हिरव्या बेटावर, राजा खरा न्याय देई तोवरच गाई दूध देत. राजकन्या लासर समुद्रापलीकडच्या मठात न्यायशास्त्र शिकून परतली, तेव्हा तिला वाटलं होतं, दारी शिंगं वाजतील. टेकडीवरची शिळा, जी फक्त खऱ्या राजाच्या राज्यात गरजते, तिचा नाद बंदरापर्यंत येईल. पण शिंगं गप्प होती, शिळा मुकी होती, गाई आटल्या होत्या आणि राजवाडा एका अंगाने उताराकडे कलला होता. खाली ओकाच्या ओंडक्यांचे टेकू होते. तरी रोज तो बोटभर सरकतच होता.

"जपून पाय टाका, राजकन्ये," म्हातारा द्वारपाल दुवान म्हणाला. "आमच्याकडे वाटी ठेवली की ती आपणहून दाराकडे चालू लागते. पाहुण्यांना घालवायला निराळा माणूस लागत नाही."

उंबऱ्याबाहेर एक करडी बगळी एका पायावर उभी होती.

"ही कोण?"

दुवानने मान फिरवली. बगळीच बोलली.

"मी ब्रोनाख. पाणथळीचं कुरण माझं होतं. राजाने खोटा निवाडा करून ते आपल्या दूधभावाला दिलं. मी रीतीप्रमाणे या दारात उपाशी धरणं धरलं."

लासरला ती रीत पाठ होती. नाडलेला माणूस दारात उपाशी बसला, की तो जेवेपर्यंत राजानेही अन्नाला शिवायचं नसतं.

"मग राजाने काय केलं?"

"दाराआड जेवला. हाड फोडल्याचा आवाज मी ऐकला. मी म्हणाले, जसा तुझा न्याय, तसं तुझं घर. तो शाप लागला. त्याचं घर वाकलं आणि मला पंख फुटले."

"उतारा सांग, बाई."

"कुरणातली मूठभर माती, माझ्या डोहातलं ओंजळभर पाणी आणि राजाच्या तोंडचा एक शब्द, 'चुकलो'. तिन्ही या उंबऱ्यावर यायला हवीत. त्वरा कर. घर पडलं तर राजा त्याखालीच जाईल."

लासर कुरणात गेली. माती उचलली, तर मुठीत तिचा दगड झाला. ती राजवाड्याच्या उंबऱ्याकडे तोंड करून म्हणाली, "ब्रोनाख, तुझी माती मागते आहे. देशील?" दगडाची माती झाली.

ती डोहावर गेली. डोहाने विचारलं, "कोण?"

"राजकन्या लासर."

पाणी तळाला गेलं.

लासर काठावर वाकली. "ब्रोनाखला ज्याने लुबाडलं, त्याची मुलगी."

पाणी वर आलं आणि तिच्या ओंजळीत बसलं. वाटेत एक थेंब सांडला नाही. माती तिने उंबऱ्यावर ठेवली आणि पाणी उंबऱ्याच्या खळग्यात ओतलं.

तिसऱ्या गोष्टीसाठी ती वडिलांपुढे उभी राहिली. राजा कुआन कललेल्या सिंहासनावर तिरपा बसला होता. तिने शास्त्रातली वचनं एका दमात म्हटली.

"पाठांतर चांगलं आहे," राजा म्हणाला.

"बाबा, एकच शब्द!"

"चुकलो म्हणणाऱ्या राजाला इथे कोणी राजा म्हणत नाही, पोरी."

"मग घर पडेल."

"पडू दे. त्याखाली राजा म्हणून मरेन."

संध्याकाळी दोन टेकू कडाडून मोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लासरने आपली न्याहारी परत पाठवली. बाहेर येऊन ती बगळीशेजारी उंबऱ्यापाशी बसली.

"धरणं?" दुवानने विचारलं. "कोणाविरुद्ध?"

"राजाविरुद्ध. आत सांगा. आणि दार उघडं ठेवा, म्हणजे हाड फोडल्याचा आवाज मलाही येईल."

आत ताट वाढलेलं होतं. राजाने घास उचलला. वरची, दारावरून बाहेर गेलेली तुळई करकरली. घास तोंडाशी थांबला. उघड्या दारातून त्याला मुलीची पाठ दिसत होती, ताठ, आणि नेमकी त्या तुळईखाली. घर पडलं तर तो एकटा मरणार नव्हता.

त्याने घास खाली ठेवला. उंबऱ्यापर्यंतचा उतार तो हात टेकत उतरला.

"चुकलो," तो म्हणाला. "ब्रोनाख, कुरण तुझं."

माती, पाणी, शब्द. घर हुंकारलं आणि सरळ झालं. पिसं गळून करड्या केसांची एक बाई उंबऱ्यावर उभी राहिली. गोठ्यात गाई हंबरल्या. राजाने डोक्यावरचा मुकुट काढायला हात नेला, तोच टेकडीवरची शिळा अशी गरजली, की समुद्रपक्षी उडाले.

पहिलं ताट ब्रोनाखला वाढलं. मग लासरला, मग राजाला. दुवानने आपली वाटी जमिनीवर ठेवली आणि सवयीने तिच्यामागे धावायला उठला.

वाटी जागची हलली नाही.