सात नंबरच्या ओट्यावरचा चौक

“...भरल्या चौकाला लाथ? अंबादासकाकांनी?”

“मग सांगतेय काय! देव बसवलेला चौक. घातली लाथ, आणि वर काय म्हणाले ठाऊक आहे का, म्हणाले...”

तेवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. जातं धडधडायला लागलं आणि काका वर काय म्हणाले, ते पिठात गेलं.

निशिकांत दारात कणकेचा डबा घेऊन उभा होता. दोघी बायकांनी त्याला पाहिलं आणि एकदम आपापल्या चाळणीत बघायला लागल्या.

“काय झालं, वहिनी?”

“कुठं काय? गहू जरा ओलसर वाटला हो.”

त्यानं डबा तिथंच ठेवला. नैवेद्याच्या पोळ्यांची कणीक न्यायला आला होता तो. तसाच बाजाराकडं सुटला.

चौकाला लाथ... काकांनी?

अंबादासकाका जातीचे गोंधळी. सत्तरी ओलांडली, पण संबळावर काठी पडली की चार गल्ल्यांतली माणसं हातातलं काम सोडतात. तालुक्यात कुणाच्या घरी लग्न झालं आणि देवीचा गोंधळ घालायचा म्हटला, की काकांना सांगावा गेलाच. निशिकांत त्यांचा शिष्य. शहरातून नाटकाची पदवी घेऊन आला आणि सहा वर्षं काकांच्या ओसरीवर बसून संबळ शिकला. हुशार. हुशार असल्याचं त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक.

त्यानंच ‘बिनघरचा गोंधळ’ बसवला होता. सगळं गाण्यातलं नाटक, गोंधळाच्या चालीवर, आणि विषय बेघर माणसांचा.

गोंधळात देवांना त्यांच्या त्यांच्या ठिकाणाच्या नावानं हाका मारून बोलावतात. अमक्या गावची देवी, ये. तमक्या डोंगरावरच्या देवा, ये. निशिकांतनं काय केलं, तर शेवटच्या प्रवेशात तशाच हाका बेघरांना घातल्या. पुलाखालच्या आजोबा, या. फलाटावरच्या ताई, या. ओट्यावरच्या गिरजाबाई, या...

इथं लोक रडायचे. तीन गावांतल्या स्पर्धांत नाटक पहिलं आलं होतं. आज चौथा प्रयोग, आपल्याच गावात, बाजाराच्या मैदानावर, संध्याकाळी सहाला. मुंबईहून परीक्षक येणार होते. त्यांनी पसंत केलं तर नाटक दिल्लीला.

काकांनी आजच्या प्रयोगासाठी एकच अट घातली होती. “चौक मी मांडणार. खरा. तुझा तो प्लॅस्टिकचा नारळ मला चालायचा न्हाई.”

चौक म्हणजे पाटावर कोरं वस्त्र, त्यावर तांदूळ, तांदळावर पाण्यानं भरलेला कलश, वर नारळ आणि भोवती ज्वारीची पाच ताटं, कणसांसकट, उभी बांधलेली. एकदा का देवांना हाका मारल्या, की देव तिथं येऊन बसले. मग गोंधळ पुरा होईपर्यंत चौक हलवायचा नाही. घरात आग लागली तरी आधी चौकाला हात जोडायचे, मग पळायचं. हे काकांनीच पहिल्या दिवशी शिकवलेलं.

आणि त्याच काकांनी लाथ?

निशिकांत मैदानावर पोचला. दोन दिवस तो सोलापुरात होता, दिवे आणि पडदे ठरवायला. सकाळीच परतला होता. मैदान बघून त्याचा ऊर आधी भरूनच आला. ओटे धुतलेले. फिनेलचा वास. कुठं चिंधी नाही, चूल नाही, दोरीवर लुगडं नाही.

वा, म्हणाला तो मनात.

मग त्यानं सात नंबरचा ओटा पाहिला. ओट्यावर तांदळाचे चार दाणे, हळदीचा डाग आणि पाटाच्या आकाराची कोरडी जागा. बाकी काही नाही.

स्पर्धेच्या समितीचे चिटणीस वाघचौरे धावत आले. गळ्यात बिल्ला, हातात रुमाल.

“सर, आम्ही काकांना एका शब्दानं दुखवलं नाही. आईशप्पथ.”

“चौक कुठाय?”

“नेला.”

“लाथ मारली म्हणतात?”

“छे हो! कोण म्हणतं? लाथबीथ काही नाही. सगळं व्यवस्थित मांडलं, हाका मारल्या, देव बसवले. आणि मग विचारायला लागले, घरधनीण कुठाय?”

“कोण घरधनीण?”

“तेच आम्ही विचारलं. म्हणाले, गोंधळ घरचा असतो. ज्या घरचा गोंधळ, त्या घरच्या बाईनं पहिलं हळदकुंकू वाहायचं. या ओट्याची बाई गिरजाबाई. बोलवा तिला. आम्ही म्हटलं, काका, ही नगरपालिकेची जागा, इथं कसली घरधनीण? आमच्या अध्यक्षीणबाई वाहतील की...”

“मग?”

“मग कलश डोक्यावर घेतला. पाट काखेत मारला, ताटं खांद्यावर टाकली. निघाले. सगळा बाजार तोंडात बोटं घालून बघत होता, सर. हाका मारलेला चौक! बसलेले देव घेऊन माणूस चाललाय... माझ्या अंगावर काटा आला.”

“कुठं गेले?”

“जुन्या जकात नाक्याकडं.”

“तिकडं काय आहे?”

वाघचौऱ्यांनी रुमालानं मान पुसली.

“परवा नगरपालिकेची गाडी तिकडंच सोडून आली ना, सर. ओट्यावरच्या लोकांना. तुमच्या अर्जावरून. प्रयोगासाठी मैदान मोकळं करून मिळावं, असा होता ना तो.”

निशिकांतनं सायकल वळवली.

“काय अक्षर आहे हो तुमचं, सर! मोत्यासारखं. आम्ही तो अर्ज फलकावरच लावलाय.”

जुना जकात नाका गावाबाहेर दोन मैलांवर. नाका कधीच बंद झालेला. पडकी चौकी, खडीचे ढीग आणि बाभळी. पाणी नाही. सावली असली तर बाभळीची, तीही काट्यांसकट.

निशिकांत सायकलवरून उतरला तेव्हा डोक्यावर ऊन होतं.

खडीच्या ढिगापाशी सात-आठ गाठोडी होती. गाठोड्यांच्या मधे पाट. पाटावर कलश, कलशावर नारळ, आणि ज्वारीची पाच ताटं दगडांत रोवून उभी केलेली. समोर काका मांडी घालून बसले होते. संबळ कमरेला.

गिरजाबाई कलशाला कुंकू लावत होती. डाव्या हातानं उजवा धरला होता.

ही तीच गिरजाबाई. चार महिने निशिकांत सात नंबरच्या ओट्यावर तिच्याजवळ बसायचा, वही घेऊन. ती केरसुण्या बांधायची आणि बोलायची. नाटकातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य तिचंच होतं. “माझं घर म्हंजे माझी सावली रं. बारा वाजता पायाखाली जातं, आन् दिवस कलला की लोकांच्या दारापत्तुर पोचतं.” या वाक्याला तिन्ही गावांत टाळी पडली होती.

आता बाराच वाजले होते.

“आला का लेकरा!” गिरजाबाई म्हणाली. “बस. बसायला काय देऊ तुला... ह्यो दगड घे. ह्यो बरा हाय.”

निशिकांतला बसता येईना.

“मावशी, तुम्ही... मला ठाऊक नव्हतं.”

“तुला कसं ठावं असंल? तू तर सोलापूरला. गाडीवाला म्हणला, तुमच्याच नाटकासाठी चाललंय, खुशीनं चढा. मग चढलो बया, खुशीनं.” ती हसली. “माझं ते सावलीचं म्हणतोस न्हवं आज? नीट म्हण हां. मागं घाईत म्हणलास म्हणं.”

तिच्या हसण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. पण नव्हता. ती खरंच हसत होती.

निशिकांतनं काकांकडं पाहिलं.

“काका, गावात बोलतायत. तुम्ही चौकाला लाथ मारली म्हणून.”

“तू काय म्हणलास?”

“मी... मी बघायला आलो.”

“मग बघ.”

निशिकांतनं पाहिलं. कलश भरलेला होता. दोन मैल डोक्यावरून आणलेलं पाणी काठाला टेकलेलं. वस्त्रावर सुरकुती नव्हती.

“लाथ मारली नाही तुम्ही.”

“न्हाई.”

“पण हलवला.”

“हलवला.”

“हाका मारल्यावर चौक हलवत नाहीत, काका. तुम्हीच शिकवलंत मला.”

“शिकवलं.”

“मग?”

काकांनी कमरेचं संबळ सोडलं, पुढ्यात ठेवलं आणि काठ्या निशिकांतच्या हातात दिल्या.

“तुझ्या शेवटच्या हाका आहेत ना. मार.”

“इथं?”

“मार. मला ऐकू दे. तीन गावांनी ऐकल्या, मी न्हाई ऐकल्या.”

निशिकांतनं संबळावर काठी टाकली. हात सवयीनं चालू झाला. आवाज चांगला होता त्याचा, उन्हातही चांगला लागला. पुलाखालच्या आजोबा, या. फलाटावरच्या ताई, या. गाठोड्यांआडून दोन म्हाताऱ्या आणि एक लंगडा माणूस पुढं सरकले.

“ओट्यावरच्या...”

काठी थांबली.

गिरजाबाई समोरच बसली होती. हाताला कुंकू. डोळे त्याच्याकडं लावून, आपलं नाव यायची वाट बघत.

“थांबलास का?” काका म्हणाले.

निशिकांतनं काठी खाली घेतली.

“ओट्यावर बघून आलास न्हवं? कोण हाय तिथं?”

“कुणी नाही.”

“मग हाक कुठं जाणार तुझी?”

बाभळीवर होला घुमत होता. लंगड्या माणसाला वाटलं गाणं संपलं; त्यानं दोन टाळ्या वाजवल्या, आणि बाकी कुणी वाजवत नाही असं बघून हात मांडीखाली घेतले.

मैदान बघून आपण मनात ‘वा’ म्हणालो होतो, हे निशिकांतला आत्ता आठवलं. सहा वर्षांत त्याला कधी काकांसमोर मान खाली घालावी लागली नव्हती.

तरी माणूस हुशार. आणि घड्याळ चाललं होतं.

“काका,” तो म्हणाला, “माझं चुकलं. मी आत्ता जातो, वाघचौऱ्यांशी बोलतो. मावशींना, सगळ्यांना गाडीनं परत नेतो. पुढच्या रांगेत बसवतो. पण सहाला पडदा आहे. परीक्षक स्टेशनवर उतरले असतील. चौक तिथं लागेल. चौकाशिवाय गोंधळ उभा राहत नाही.”

“बरोबर.”

“मग चला ना.”

“मी कशाला? देव बसलेत. बाईनं कुंकू लावलं. घर झालं हे. आता हलवायचं कसं?”

“सकाळी हलवलात तसं.”

“सकाळी त्यास्नी घर नव्हतं.”

गिरजाबाईनं पदर सावरला. पाटाजवळची खडी तिनं हातानं बाजूला केली, जशी बाई आपल्या उंबऱ्याशी करते, आणि मग पदरानंच ती एवढीशी जागा पुसली.

निशिकांत खाली बसला. तिनं दिलेल्या दगडावर नाही, मातीत. संबळाच्या काठ्या अजून त्याच्या हातात होत्या. आवाज एकदम लहान झाला.

“मग सांगा ना, काका. मला खरंच कळत नाही. बसलेल्या देवांना उठवायचं कसं?”

काकांनी त्याच्या हातातून काठ्या काढून घेतल्या. पुसल्या. संबळावर आडव्या ठेवल्या.

“अर्ज कर,” ते म्हणाले. “तुझं अक्षर चांगलं हाय.”