शिवेचे दगड चालू लागले

एकदा काय झालं, एक होता राजा. त्याचं नाव दुर्गसेन. राज्य इतकं मोठं, की एका टोकाला दूध काढून व्हायचं तरी दुसऱ्या टोकाचा कोंबडा अजून झोपलेलाच. राज्याला चारी बाजूंनी शीव होती. शीव म्हणजे हद्द, बरं का. आणि शिवेवर उभे होते दगड. काळे, उंच, शेंदूर फासलेले. ते कोणी उभे केले, कधी केले, कोणालाच ठाऊक नव्हतं. मला तर नाहीच.

राजा चांगला होता. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढं तुम्ही त्याच्यावर फार रागवाल. रोज सकाळी तो दरबारात बसायचा. लोक यायचे, गाऱ्हाणं सांगायचे, राजा ऐकायचा. दोन गावं हद्दीवरून भांडत आली, की तो म्हणायचा, "शीव चाला." म्हणजे काय? तर ज्याला आपलं खरं वाटतं त्यानं मूठभर माती डोक्यावर घ्यायची, अनवाणी निघायचं, आणि मागं न बघता चालत जाऊन म्हणायचं, "ही आमची शीव." खोटं चालणाऱ्याचे पाय वाटेतच लटपटायचे. राजानं पुष्कळांना असं चालायला लावलं होतं. स्वतः मात्र तो कधी चालला नव्हता. राजाला कोण चालायला लावणार?

मग एक दिवस दरबारात ठकूबाई आली. धनगरीण. खांद्यावर घोंगडी, आणि मागोमाग एक मेंढी. मेंढीला कोणी अडवलं नाही, तीही आत आली.

ठकूबाई म्हणाली, "महाराज, शिवेपाशी पाणवठा आहे. माझ्या आज्याच्या वेळेपासून आमची मेंढरं तिथं पितात. तुमच्या मेहुण्यानं त्याला काट्यांचं कुंपण घातलंय. त्याचे हत्ती आत डुंबतात आणि माझी मेंढरं बाहेर जीभ काढून उभी. सांगा, पाणी कोणाचं?"

मेहुणा म्हणजे राणीचा भाऊ. त्याचं नाव रणधीर.

राजाला उत्तर ठाऊक होतं. पण उत्तर दिलं तर मेहुणा चिडणार, राणी रुसणार. मग राजा म्हणाला, "उद्या ये."

ठकूबाई दुसऱ्या दिवशी आली. राजा म्हणाला, "उद्या ये."

ठकूबाई पुन्हा आली. या वेळी तिच्या मागं मेंढी नव्हती. राजानं ते पाहिलं. पाहिलं, आणि खाली बघत म्हणाला, "उद्या ये."

ठकूबाईनं घोंगडी सावरली आणि निघून गेली.

काय गं रेवा? मीही मघाशी असंच म्हणालो? कधी? अच्छा, खिडकीकडची झोपायची जागा कोणाची, ते होय. बघू. आत्ता पुढं ऐका, नाहीतर मी विसरेन.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी शिवेवरचा एक दगड जागेवर नव्हता. तो आत सरकला होता. सारवलेल्या जमिनीवरून जड पेटी ओढली की कसा ओरखडा उमटतो, तसा त्याच्या मागं ओरखडा होता.

दगडांना पाय असतात का? नसावेत, नचिकेत. राज्य म्हणजे काय, यावर मी जाडजूड ग्रंथ वाचले, जन्मभर वर्गात उभं राहून तेच शिकवलं. दगड चालतात असं एकाही ग्रंथात नव्हतं. कदाचित मीच नीट वाचलं नसेल.

बरं, मग. "उद्या ये" हे राजाला फार सोपं वाटलं. कोणी रडत आलं, उद्या ये. कोणी हात जोडले, उद्या ये. मग प्रधानही म्हणू लागला. कारकून म्हणू लागला. दारावरचा शिपाईसुद्धा मिशीला पीळ देत म्हणू लागला, "उद्या ये." आणि दर वेळी दूर कुठंतरी एक दगड घसरत आत यायचा. सर्रर्र.

ज्यांची घरं दगडांच्या बाहेर राहिली त्यांना आधी काही कळलंच नाही. चुली तशाच पेटल्या, गाई तशाच हंबरल्या. मग ती माणसं गाऱ्हाणी घेऊन दरबारात आली. तोंड उघडलं. आणि काय सांगू तुम्हाला, आवाजच नाही! ओठ हलतायत, हात हलतायत, गळ्याच्या शिरा फुगल्यायत, आणि दरबार चिडीचूप. त्यांचे आवाज शिवेबाहेर राहिले होते.

प्रधान एकदम खूश. म्हणाला, "महाराज, काय सुधारला बघा कारभार! आज एकही गाऱ्हाणं नाही. कालही नव्हतं. प्रजा सुखी आहे."

राजा म्हणाला, "मग ती माणसं तोंडं का हलवतायत?"

"महाराज, पान खात असतील."

मग एकदा राजा गच्चीवर गेला. बघतो तर काय, शिवेचे दगड नदी ओलांडून बाजारापर्यंत आलेले. त्यांच्या पलीकडं डोंगर, रानं, गावं, सगळं होतं तिथंच होतं. पण ते त्याचं राहिलं नव्हतं.

मग त्यानं फौज बोलावली. दगडांना साखळदंड बांधले, साखळदंडांना हत्ती जुंपले. हत्तींनी ओढ ओढ ओढलं. साखळदंड तुटले, हत्ती बदकन खाली बसले, दगड हलला नाही.

मग प्रधानानं नवा कायदा केला. दवंडी पिटली, "ऐका हो ऐका! यापुढं कोणत्याही दगडानं जागचं हलू नये!" दवंडीवाला हे ओरडत असतानाच एक दगड त्याच्या शेजारून सर्रर्र करत पुढं निघून गेला.

मग पंडित आले. त्यांनी बोटांवर मोजलं. "राज्याला सात गोष्टी लागतात, महाराज. राजा, प्रधान, प्रजा, किल्ला, खजिना, फौज आणि मित्र. सातही जागेवर आहेत. म्हणजे राज्य जागेवर आहे."

राजा म्हणाला, "आणि दगड?"

पंडितांनी पोथीची पानं उलटली. "दगडांचं आमच्या पोथीत काही नाही, महाराज."

हसू नका रे. मला त्या पंडितांची दया येते.

आता राजाला एक मुलगी होती. मंजुळा. तुमच्याएवढीच. वाड्यासमोर चिंचेचं झाड होतं आणि चिंचेला तिचा झोपाळा. एके सकाळी मंजुळा झोके घेत होती. तेवढ्यात बाजारातले दगड सरकले. सर्रर्र, सर्रर्र, सर्रर्र. थेट वाड्याच्या पायरीपाशी येऊन उभे राहिले. चिंच बाहेर राहिली. झोपाळा बाहेर राहिला. मंजुळाही बाहेर राहिली.

तिला काय कळणार? ती उडी मारून उतरली, धावत आत आली आणि राजाच्या मांडीवर चढली. तोंड उघडलं. "बाबा" म्हणाली असावी. ऐकू काहीच आलं नाही.

राजा म्हणाला, "बोल ना बाळा."

मंजुळा बोलली. ओठ हलले. राजानं कान अगदी तिच्या तोंडाशी नेला. नुसता कोमट श्वास. मंजुळाला वाटलं, बाबा गंमत करतायत. ती हसली, आवाज नाही. मग तिला कळलं. मग ती रडू लागली. मोठ्यानं रडत होती बिचारी, सगळं अंग हुंदक्यांनी हलत होतं, आणि वाडा शांत.

राजा उठला. पायातले जोडे काढले. डोक्यावरचा मुकुट काढून सिंहासनावर ठेवला. अंगणातली मूठभर माती घेतली आणि डोक्यावर ठेवली.

प्रधान घाबरला. "महाराज, हे काय? कुठं निघालात?"

"शीव चालायला."

"पण सांगितलं कोणी?"

"मीच. मीच सांगत आलोय ना सगळ्यांना?"

आणि राजानं दगडांच्या बाहेर पाऊल टाकलं.

आता नीट ऐका हं. आत किती शांत होतं! आणि बाहेर? बाहेर आवाजच आवाज. पाणी कोसळावं तसा. राजानं मान वर केली. प्रत्येक झाडाला काहीतरी लोंबत होतं. तुम्ही सुगरणीची घरटी पाहिलीत ना, विहिरीवरच्या फांदीला लटकलेली? तशीच घरटी. पण गवताची नाहीत. आवाजाची. माणसांचे आवाज धाग्याधाग्यानं विणून तिथं राहिले होते आणि उन्हात झळझळत होते. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत. एवढं सगळं बोलत होतं, आणि त्याला वाटत होतं राज्यात शांतता आहे.

चिंचेला एक अगदी चिमुकलं घरटं होतं. कोवळं, हिरवं. त्यातून आवाज येत होता, "बाबा, ओ द्या ना. बाबा, ओ द्या ना."

राजानं हात उंचावून ते घरटं धरलं आणि ओढलं. निघेना. घरट्यापासून एक बारीक धागा निघून पुढच्या झाडाला गेला होता. तिथल्या घरट्यापासून त्याच्या पुढच्या झाडाला. सगळी घरटी एकमेकांत गुंतलेली. राजा समजला. पहिली गाठ जिथं पडली, तिथंच ती सुटणार. मग तो धाग्यामागून चालू लागला.

एका आंब्याखाली एक घरटं म्हणत होतं, "माझा मुलगा तुमचा किल्ला बांधायला नेला. तो परत कधी पाठवणार?" राजा म्हणाला, "ऐकलं." आणि पुढं गेला.

एका पिंपळाखाली एक म्हातारा आवाज म्हणत होता, "मला सोडा असं म्हणत नाही मी. नुसतं सांगा, माझा गुन्हा काय?" राजा म्हणाला, "अरे, हे माझ्या कारकुनानं केलं असणार." असं म्हटलं मात्र, डोक्यावरची माती एवढी जड झाली, एवढी जड झाली, की राजा गुडघ्यांवर आला. उठवेना. मग हळूच म्हणाला, "माझ्या राज्यात झालं. म्हणजे मी केलं." तेव्हा कुठं मातीनं त्याला उठू दिलं.

मागं काहीतरी सरसरत होतं. वारा असेल, राजाला वाटलं. मागं बघायचं नव्हतं ना त्याला.

चालता चालता डोंगर मागं पडले, नदी मागं पडली. तळपाय फुटले. शेवटी धागा एका बाभळीपाशी संपला. समोर पाणवठा. पाणवठ्याला काट्यांचं कुंपण. आणि बाभळीखाली ठकूबाई बसलेली. तिच्या डोक्यावर सगळ्यांत जुनं घरटं होतं, करडं, माठाएवढं. ठकूबाईचे ओठ हलले आणि आवाज वरून आला.

"आलात? मला वाटलं, उद्या येणार."

राजा कुंपणाकडं गेला. आत हत्तीवर मेहुणा बसला होता. "दाजी!" रणधीर ओरडला. "हे काय, डोक्यावर माती? अनवाणी? ताईला कळलं तर काय म्हणेल? चला, उद्या निवांत बसून बोलू."

राजा म्हणाला, "रणधीर, वर बघ."

रणधीरनं वर पाहिलं. त्याच्या डोक्यावरच्या फांदीला एक घरटं लटकत होतं आणि त्यातून त्याचाच आवाज येत होता, "उद्या निवांत बसून बोलू." त्याचाही आवाज कधीचा बाहेर राहिला होता, आणि हत्तींखेरीज कोणाशी बोलतच नसल्यामुळं त्याला पत्ताच नव्हता! त्याचा चेहरा उतरला. तो मुकाट्यानं खाली आला.

मग राजानं कुंपणाला हात घातला. काटे बोचले, रक्त आलं. एकेक फांदी उपटून त्यानं बाजूला टाकली. मग म्हणाला, "ठकूबाई, मेंढरं सोड पाण्यावर. या पाण्याला कुंपण कोणाचंच नाही. मला हे पहिल्याच दिवशी ठाऊक होतं."

असं म्हटलं आणि वरची गाठ सुटली. करडं घरटं उसवत उसवत खाली आलं आणि ठकूबाईच्या गळ्यात उतरलं. तिनं सगळ्यांत आधी काय केलं असेल? मेंढरांना हाक मारली. "हुर्रर्र, याऽऽ गं!" मेंढरं धावली, पाण्यावर वाकली.

मग धागा सैल पडला. पिंपळावरचं घरटं उडालं. आंब्यावरचं उडालं. त्याच्या मागचं, त्याच्याही मागचं. सगळं आभाळ आवाजांनी भरलं, पाखरांचे थवे संध्याकाळी घरी निघावेत तसं, आणि ज्याचा आवाज त्याच्या घरी गेला.

राजानं डोक्यावरची माती ठकूबाईच्या पायापाशी ठेवली. म्हणाला, "ही माझ्या राज्याची शीव."

आणि आता, इतक्या वेळानं, त्यानं मागं वळून पाहिलं. मागं दगड उभे होते. सगळेच्या सगळे. काळे, उंच, शेंदूर फासलेले. मेंढपाळामागं मेंढरं येतात तसे त्याच्या पावलावर पाऊल टाकत इथवर आले होते. ठकूबाईनं हात जोडले. दगड हळूहळू राजाच्या शेजारून गेले आणि आपापल्या जुन्या खळग्यांत जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात दूरवरून, नदीपलीकडून, सगळं राज्य ओलांडून, एक बारीक हाक आली. "बाबाऽऽ!"

राजानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जीव खाऊन ओरडला, "ओऽऽ!"

मग राणी रुसली का? रुसली की. थोडे दिवस रुसली, मग हसली. किल्ल्यावर नेलेला मुलगा घरी आला. म्हाताऱ्याचा काही गुन्हाच नव्हता, तोही घरी गेला. आणि रणधीर पाणवठ्यावर मेंढरांना पाणी पाजू लागला. आधी नाक मुरडत, मग आवडीनं. त्या दिवसापासून दर वर्षी राजा माती डोक्यावर घेऊन स्वतः शीव चालायचा. त्याच्यामागून मंजुळा राणी झाली, तीही चालायची. दरबारात "उद्या ये" कोणी म्हणेनासं झालं. दगड त्यानंतर कधीच आत आले नाहीत. माझी आजी तर म्हणायची, ते जरासे पुढंच सरकले. खरं असेल का? मला खात्री नाही. पण असावं असं वाटतं.

तर असे ते सगळे सुखानं नांदले. आता तुम्हीही डोळे मिटा.

थांबा, थांबा. आधी ते खिडकीचं. नचिकेत, तू सांग. मी ऐकतोय. हं... तिथं छान वारा लागतो. बरं. आता तू, रेवा. काय? मोठ्यानं सांग, घाबरू नकोस. खिडकीतून रस्त्यावरचा दिवा दिसतो, आणि दिवा दिसला नाही की भीती वाटते? अगं, हे तू कधी बोलली नाहीस. बोलत होतीस, हो. मीच ऐकलं नाही. नचिकेत, तुला ठाऊक होतं? नाही ना. मग काय करायचं? बघ, उठलाच की हा! शहाणा माझा. घे रेवा, तू इकडं ये. आणि खिडकी पूर्ण उघडतो, म्हणजे वारा त्याच्यापर्यंत जाईल.

झोपा आता. मी शेजारच्याच खोलीत आहे. हाक मारलीत की ओ देईन. कान जरा कमी झालेत माझे, तेव्हा दोनदा मारा.