पातेल्याला हात लावायचा नाही!

"उद्या दुपारी असा एक पदार्थ कर, की माझ्या घरची सगळी माणसं एकाच पातेल्यातून जेवतील, जेवलेलं अंगी लागेल आणि कुणी नाक मुरडणार नाही. कुणावर जबरदस्तीही चालणार नाही! जमलं तर ठीक, नाहीतर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर हो!"

राजा भुजंगसेनाचं हे फर्मान ऐकलं आणि मुदपाकखान्यातला आचारी तुळाजी मटकन खालीच बसला.

झालं होतं असं, की राजवैद्यांनी सकाळी सगळ्या राजघराण्याच्या नाड्या पाहिल्या होत्या. घरात पंचपक्वान्नांची रेलचेल, आणि माणसं बघावीत तर सुकलेल्या पडवळासारखी! "धान्य, डाळ, पालेभाजी पोटात जाऊ द्या," वैद्यबुवा म्हणाले. राजाने त्यांना शालजोडी दिली आणि पुढचा घोर आचाऱ्याच्या गळ्यात घातला.

कारण त्या घरात खाणाऱ्यांच्या तऱ्हाच तशा! राजमातांना दात नव्हते, पण मऊ अन्न पुढे आलं की त्या म्हणत, "मला आजारी समजलात काय?" राणीसाहेब हिरवं दिसलं की ताट सरकवत. युवराज लाडवाखेरीज कशालाच अन्न म्हणत नसे. राजकन्या दुधीची फोड अशी वेचून काढी, जसा जवाहिऱ्याने खोटा मणी काढावा. आणि खुद्द महाराज? "पाला घोड्यांना घाला!" असं गरजत आणि वर विचारत, "ही पोरं कुणावर गेली?"

तुळाजीच्या आधीचे दोन आचारी असेच हरून हत्तीखान्यात गेले होते. "हत्ती निदान टाकत तरी नाहीत," असं ते मोठ्या समाधानाने सांगत.

तुळाजी घरी आला तेव्हा त्याची बायको कौतिका चाकवत निवडत बसली होती.

"अगं, सामान बांधायला घे!"

"भाजी निवडून होऊ दे. झालं काय?"

तुळाजीने सगळं सांगितलं. "पाच तोंडं आणि पाच तऱ्हा! ब्रह्मदेवाला तरी जमेल का?"

"आपल्याकडे आठ आहेत," कौतिका म्हणाली. "तुम्ही जन्मभर राजाकडे रांधलंत, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी ती मुदपाकखान्यात शिरली. ज्वारीच्या कण्या आणि मूग मऊ शिजवले, त्यात बारीक चिरलेला चाकवत आणि दुधी घातला, ताक ओतून घोटलं आणि वरून लसणाची अशी चरचरीत फोडणी दिली, की वास जिने चढून थेट शयनगृहात गेला.

पहिला धावत आला युवराज. "काय केलंस?"

"तुमच्यासाठी नाही हो, युवराज. माझ्या घरच्यांचं जेवण आहे. तुमचं मागाहून करते."

"मला वाढ!"

"छे! राजघराण्याच्या पोटाला हे झेपायचं नाही. पातेल्याला हात लावायचा नाही, सांगून ठेवते! आणि कुणाला बोलू नका."

युवराजाने अर्थातच सगळ्या वाड्याला सांगितलं.

कौतिकाने पातेलं झाकलं, पळी शेजारी ठेवली, तुळाजीला बाहेर काढलं आणि "मी विहिरीवर जाते गं बाई!" असं भिंतींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगून निघाली.

विहिरीच्या काठावरून मुदपाकखान्याचं दार दिसत होतं. कौतिका तीच घागर पुन्हा पुन्हा घासत राहिली. कुणीच आलं नाही तर? आठ माणसं घेऊन कुठल्या मुलखात जायचं?

तेवढ्यात झाकण खणखणलं. युवराज खाऊन गेला, राजकन्या आली. ती तोंड पुसत पळाली, तर राणीसाहेब पदर सावरत आत शिरल्या. मग काठी टेकत राजमाता! "मेलं मीठ तरी बरोबर पडलंय का, बघते," असं त्या रिकाम्या खोलीला सांगत होत्या. मीठ बघायला त्यांना बराच वेळ लागला. सगळ्यांत शेवटी एक धिप्पाड आकृती मागच्या दाराने चोरपावलांनी आत गेली. कौतिकाने पदर तोंडात कोंबला आणि घागर आणखी जोरात घासायला घेतली.

दुपारी पाटपाणी झालं. पाचही जण मांडी घालून बसले. पण आज कुणाला फारशी भूक दिसेना! कौतिकाने पातेलं आणून पुढे ठेवलं. तळ चकचकीत!

"हे काय?" राजा ओरडला. "पदार्थ कुठे आहे?"

"सगळ्यांच्या पोटात, महाराज."

"खोटं! मी कशाला हात लावलेला नाही!"

"महाराजांच्या मिशीला कण्या लागल्यात."

राजाचा हात झर्रकन मिशीकडे गेला. राजकन्या फिस्सकन हसली. "आणि आजीसाहेबांनी पळी चाटली! मी खिडकीतून पाहिलं!"

"अगं, मीठ बघत होते मी!" राजमाता फणकारल्या.

राजा गोरामोरा झाला, पण राजाच तो! "बाई, तू हे आमच्यासाठी केलंच नव्हतंस. मग आमची अट पुरी झाली कशी?"

"बघा ना, महाराज! पदार्थ एकच, पातेलंही एकच. धान्य, डाळ, भाजी सगळं पोटात गेलं. जबरदस्ती म्हणाल, तर मी नको नको म्हणत होते!"

"आणि कुणी नाक मुरडलं नाही, हे कशावरून? तू तर तिथे नव्हतीस!"

कौतिकाने हात जोडले. "महाराज, वाढलेल्या ताटाला सगळेच नावं ठेवतात. पण चोरून खाल्लेल्या घासाला नावं ठेवणारा चोर अजून जन्माला यायचाय!"

राजा जो हसत सुटला, तो पाटावरून कलंडेपर्यंत! हसता हसता त्याने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून तिच्या ओंजळीत घातला, तुळाजीला मुदपाकखान्याचा मुख्य आचारी केलं आणि डोळे पुसत हुकूम सोडला, "उद्याही हेच कर. आणि खबरदार, आम्हाला वाढशील तर!"