उसन्या आवाजाची राजकन्या

एका राज्यात सगळी मुलं फार गुणी होती, आणि हीच तिथली पीडा होती. झालं असं, की राजकन्या मृणालवतीच्या बारशाला राजा सुवर्णकेतूने मांत्रिक कालजंघाकडे वर मागितला, "माझी लेक थोरांसारखं बोलो." राजाने मागितलं म्हणताच नगरीतल्या साऱ्या आईबापांनीही तेच मागितलं. मांत्रिकाने हसत हसत दिलं. त्याचं काय जात होतं म्हणा.

तेव्हापासून मुलं बोलत ती दुसऱ्याच्या आवाजात. मृणालवती मुदपाकखान्यात आचाऱ्याच्या आवाजात बोले, विद्यालयात गुरुजींच्या घोगऱ्या आवाजात आणि राजापुढे हुबेहूब राजाच्या. राजाला कोण कौतुक! पण ज्याला सोळावं लागेपर्यंत स्वतःचा आवाज फुटला नाही, त्याची साळुंकी होई आणि ती मांत्रिकाच्या पिंजऱ्यात जाऊन बसे. राजकन्येची जिवलग मैत्रीण हंसा अशीच गेली.

सोळावं लागणार त्या सकाळी मृणालवती आपल्या पायांनी मांत्रिकाच्या गुहेत गेली. साळुंकी झालेली हंसा पिंजऱ्यातून पाहत होती.

मांत्रिक म्हणाला, "तीन प्रश्न विचारीन. एक उत्तर तुझ्या आवाजात आलं, तर सर्वांचा शाप तुटेल. नाही आलं, तर पिंजऱ्यात जागा आहे. सांग, तुला भय कशाचं?"

"राजवंशाला भय ठाऊक नाही." आवाज राजाचा. तिच्या उजव्या हाताला पिसं फुटली.

"तुला प्रिय काय?"

"विद्या आणि विनय." आवाज गुरुजींचा. डावा हातही पिसांचा झाला.

"पुढे तू कोण होणार?"

"राणी म्हण," हंसा पिंजऱ्यातून कुजबुजली. "मृणाल, लवकर राणी म्हण." बिचारीचं मन चांगलं हो, पण वर्गात उत्तरं पुरवायची खोड पंख फुटले तरी जाईना.

मृणालवतीने तोंड उघडलं, तर घशाशी हंसाचाच आवाज आला. तिने तो गिळला. ओठांची चोच होऊ लागली होती. ती भयंकर घाबरली, आणि कधी नव्हे तो तिला रागही आला.

"तू गप्प बस गं हंसा," ती म्हणाली. "प्रश्न मला विचारलाय. आणि मला अजून ठाऊक नाही."

आवाज चिरका होता, मध्येच फाटला, पण तो आजवर कुणी ऐकलेला नव्हता. पिंजऱ्याचे गज मेणासारखे वितळले. साळुंक्यांची पुन्हा मुलं झाली, मांत्रिकाची साळुंकी झाली आणि ती रानात उडून गेली. मृणालवतीने हातावरची पिसं झटकली, हंसाला मिठी मारली आणि दोघी पोटभर रडल्या.

नगराच्या वेशीवर राजा वाट पाहत उभा होता. लेक दिसताच त्याच्या जिवात जीव आला.

"चल बाळे, पान वाढलंय. तुझ्या आवडीचा दूधभात आहे."

"बाबा, मला दूधभात कधीच आवडला नाही."

राजा वेशीच्या पायरीवर बसला, डोळे पुसले आणि शेजारची जागा उपरण्याने झटकली.

"बस इथे," तो म्हणाला. "आणखी काय काय आवडत नाही, ते सांग."

मृणालवती सांगू लागली. ऊन डोक्यावर आलं तरी तिचं सांगून संपलं नव्हतं, आणि राजा ऐकत होता.